फुकटात ऑनलाइन शिकायचंय? कुठून सुरू करायचं आणि कुठे फसायचं नाही

गणितापासून तत्त्वज्ञानापर्यंत कुठलाही विषय घ्या, कॉलेजच्या दर्जाचं शिक्षण आज नेटवर फुकट मिळतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्या जगाला खुलं करायचं २००१ मध्ये जाहीर केलं तेव्हा ती मोठी बातमी होती, आता तिथेच अडीच हजारांच्या वर कोर्स आहेत आणि तसल्या बाकीच्या साइट मोजायला बसलात तर दिवस जाईल. म्हणजे "कुठे मिळेल?" हा प्रश्न सुटलाय. घोडं अडतं ते नंतर. दहा कोर्सना नाव घालायचं, प्रत्येकाचे दोन-दोन व्हिडिओ बघायचे, मग अकरावा कोर्स शोधायला निघायचं, ही आरंभशूरांची गर्दी सगळीकडे आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स ऑनलाइन खुला केला तेव्हा १,६०,००० च्या आसपास लोकांनी नाव घातलं होतं, शेवटपर्यंत पोचले वीस हजारांच्या थोडे वर. आणि हा आकडा चांगला म्हणायचा, कारण नंतरच्या मोठमोठ्या कोर्समध्ये पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा १० टक्क्यांच्याही खालीच राहिलंय.

मी नोकरी सांभाळून असे काही कोर्स पुरे केलेत, काही मध्येच सोडलेत, आणि ओळखीतल्या लोकांना सुरुवात करून देताना तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. यातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा, की कोर्स निवडताना सोडवायला प्रश्न दिलेत का आणि त्यांची उत्तरं फुकटात बघायला मिळतात का, हे सगळ्यात आधी तपासायचं. व्हिडिओ भारी आहे का, प्राध्यापक नावाजलेला आहे का, हे सगळं त्याच्या मागून.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- ईमेल. शिकण्यासाठी वेगळा काढला तर बरं, कारण या साइट मेल पाठवून पाठवून जीव नकोसा करतात.
- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. व्हिडिओ मोबाइलवर चालतात, पण प्रोग्रामिंग आणि गणिताचे लांबलचक पीडीएफ मोबाइलवर करणं म्हणजे डोळ्यांचे हाल.
- कागदाची वही आणि पेन. हे हवंच, त्याला पर्याय नाही.
- क्रेडिट कार्ड लागत नाही. कुठे मागितलं तर तिथेच थांबायचं, का ते पुढे सांगते.
- जुने मार्कशीट, प्रवेश परीक्षा, वयाचा दाखला यातलं काहीही लागत नाही. सर्टिफिकेट घ्यायचंच असेल तर काही साइट ओळखपत्राचा फोटो मागतात, तेवढंच.

१. "फुकट" म्हणजे कुठल्या प्रकारचं फुकट ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, खरोखर फुकट. एमआयटी ओपनकोर्सवेअर, खान अकॅडमी, ओपन येल कोर्सेस, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न, राइस युनिव्हर्सिटीची ओपनस्टॅक्स पुस्तकं. इथे कसली मुदत नाही आणि बरंचसं साहित्य डाउनलोड करून ठेवता येतं. एमआयटीच्या साइटवर तर लॉगिनसुद्धा नाही, पान उघडा आणि सुरू करा. त्याची दुसरी बाजू अशी की एमआयटीच्या साइटवर तुम्हाला कोणी तपासत नाही, मार्क देत नाही आणि सर्टिफिकेटही मिळत नाही.

दुसरा, बघायला फुकट. कोर्सेरा आणि एडएक्स, म्हणजे वेगवेगळ्या विद्यापीठांचे कोर्स एकत्र देणाऱ्या साइट, दोन्ही २०१२ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा जवळजवळ सगळंच उघडं होतं, हळूहळू दारं बंद होत गेली. एडएक्सवर "ऑडिट" नावाचा फुकट रस्ता अजून आहे, पण त्याला मुदत असते, ती संपली की कोर्स आपल्याला बंद, आणि मार्क मिळणारे प्रश्न बहुतेक वेळा कुलूपबंदच. कोर्सेरावर तर कित्येक कोर्समध्ये आता फक्त पहिला भाग फुकट उघडतो. म्हणून नाव घालायच्या आधीच कोर्सच्या पानावर फुकटात नक्की काय काय मिळतंय ते नीट वाचायचं.

तिसरा प्रकार म्हणजे "सात दिवस फुकट". मोठं निळं बटण असतं, त्यावर फुकट असं लिहिलेलं असतं, आणि पुढच्याच पानावर कार्डाचा नंबर मागतात. हा फुकट कोर्स नाही, ही वर्गणी आहे आणि आठव्या दिवशी पैसे कापले जातात. खरा फुकट पर्याय असलाच तर त्याच खिडकीत अगदी तळाला, बारीक अक्षरात, बटण सुद्धा नसलेली एक ओळ असते. ती दिसली नाही तर खिडकी बंद करा आणि दुसरीकडे बघा, सुरुवातीच्या पातळीचा जवळजवळ प्रत्येक विषय पहिल्या प्रकारात कुठे ना कुठे सापडतोच.

२. आपली पातळी प्रामाणिकपणे तपासा

"मशीन लर्निंग शिकायचंय" म्हणून लोक थेट तिथे उडी मारतात आणि दुसऱ्या आठवड्यात मॅट्रिक्स (आकड्यांच्या चौकटींचं गणित) आलं की सगळं डोक्यावरून जातं. मग वाटतं आपल्याला जमत नाही. जमत असतं हो, फक्त मधल्या दोन पायऱ्या राहिलेल्या असतात.

प्रत्येक चांगल्या कोर्सच्या माहितीत आधी काय येत असायला हवं ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि मग खान अकॅडमीवर त्या विषयाची "कोर्स चॅलेंज" परीक्षा द्या. ती त्या पूर्ण कोर्समधले प्रश्न मिसळून विचारते, कुठल्या युनिटमध्ये आपण कच्चे आहोत ते लगेच दिसतं आणि तेवढीच युनिटं करून पुढे जाता येतं. शाळेचं गणित सुटून बरीच वर्षं झाली असतील तर लाज न बाळगता बीजगणितापासून द्या. सल खान आपल्या नात्यातल्या एका बहिणीला लांबून गणित शिकवत होते, त्यातूनच ही साइट उभी राहिली, त्यामुळे अडलेल्या माणसाला हात धरून पुढे नेणं हा तिचा मूळ स्वभावच आहे. मोठी माणसं "ही तर लहान मुलांची साइट" म्हणून नाक मुरडतात, ते काही बरोबर नाही.

३. कोर्स पारखायचा कसा

व्हिडिओ लावायच्या आधी कोर्सची सगळी पानं उघडून बघा. चार गोष्टी शोधायच्या: आठवड्यांचं वेळापत्रक, वाचायला काय दिलंय, गृहपाठ, आणि गृहपाठाची उत्तरं. चौथी नसेल तर एकट्याने शिकणाऱ्याला तो कोर्स अर्धाच.

एक उदाहरण उघडूनच दाखवते. एमआयटीच्या साइटवर गिल्बर्ट स्ट्रँग या प्राध्यापकांचा लिनियर अल्जेब्राचा (म्हणजे त्याच मॅट्रिक्सच्या गणिताचा) कोर्स आहे, नंबर १८.०६. पण त्याच कोर्सचं १८.०६ एससी नावाचं दुसरं पान आहे, ते घ्या. "एससी" लागलेले कोर्स घरी एकट्याने शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेले आहेत. कोर्सचे तीन भाग आहेत, प्रत्येक भागात छोटी छोटी सेशन. एक सेशन उघडलं की वर तासाचा व्हिडिओ, खाली त्याच तासाचा दोन-तीन पानांचा सारांश, मग एक सहाय्यक फळ्यावर एक गणित घालतो आणि सांगतो की आता व्हिडिओ थांबवा, स्वतः करून बघा, मग परत या. त्याखाली आणखी गणितं आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये. भाग संपला की परीक्षा, तिचीही उत्तरं. आता गंमत म्हणजे स्ट्रँग यांचे ते तास १९९९ साली रेकॉर्ड झालेले आहेत, खडू-फळा, चित्र जरा धुरकट, आणि तरीही लोक आजही लिनियर अल्जेब्रा म्हटलं की तेच सुचवतात. चकचकीत ॲनिमेशन असलेले पण एकही गृहपाठ नसलेले कोर्स याच्यापुढे टिकत नाहीत.

जुन्या कोर्सबद्दल एक इशारा. गणित, पदार्थविज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान यांत पंधरा-वीस वर्षं जुना कोर्स बिनधास्त घ्या. प्रोग्रामिंग, डेटा, वेब, जनुकशास्त्र असल्या विषयांत मात्र शेवटचा बदल कधी झालाय ते बघा, नाहीतर पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर इन्स्टॉल होईना म्हणून डोकं धरून बसाल.

४. कुठला विषय कुठे

सगळी यादी देत बसत नाही, ज्यातून नवख्या माणसाची सुरुवात नीट होते तेवढंच सांगते.

गणित: पाया खान अकॅडमी, पुढे एमआयटीचे एससी कोर्स. नुसती कल्पना डोळ्यांसमोर आणायला थ्रीब्ल्यूवनब्राउन हे यूट्यूब चॅनल अप्रतिम आहे, पण तिथे बघून झालं की समजल्यासारखं वाटतं आणि गणित मात्र सुटत नाही, म्हणून जोडीला गृहपाठ पाहिजेच. आलेख काढून बघायला जिओजेब्रा किंवा डेस्मॉस.

पदार्थविज्ञान आणि रसायन: येल विद्यापीठात आर. शंकर यांनी शिकवलेला पदार्थविज्ञानाचा कोर्स, त्यात प्रत्येक तासाचा लिखित मजकूरसुद्धा दिलेला आहे. घरी प्रयोगशाळा नसते, ती उणीव फेट सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, बऱ्यापैकी भरून काढतात. नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातलं सर्किटचं सिम्युलेशन उघडा, बॅटरी, तारा, बल्ब ओढून जोडा, आणि मग मुद्दाम बॅटरीच्या दोन्ही टोकांना नुसती तार लावून बघा, स्क्रीनवर चक्क आग लागते. शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे परत कोणी समजावून सांगावं लागत नाही.

प्रोग्रामिंग: हार्वर्डचा सीएस५०, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स. अवघड आहे, हे आधीच सांगते. पहिल्या आठवड्यात चित्रांचे ठोकळे जोडून खेळ बनवायचा असतो, सगळ्यांना वाटतं सोपंय, दुसऱ्या आठवड्यात थेट सी भाषा येते आणि # या चिन्हांचा पिरॅमिड छापता छापता संध्याकाळ जाते. पण यात एक सोय फार मोलाची आहे. चेक५० नावाची कमांड चालवली की ती तुमचा प्रोग्राम वेगवेगळे आकडे घालून तपासते आणि एकेका ओळीत हिरवा हसरा किंवा लाल रडका चेहरा दाखवते. शिक्षक शेजारी नसताना "चुकलंय, आणि इथे चुकलंय" असं सांगणारं कोणीतरी मिळणं ही मोठी गोष्ट आहे. फारच जड गेला तर फ्रीकोडकॅम्पवर सुरुवात करा, तिथे घास लहान असतात.

अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, जीवशास्त्र: इथे मी व्हिडिओपेक्षा पुस्तक पुढे ठेवेन. ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं विषयातल्या प्राध्यापकांकडून तपासून घेतलेली असतात, पीडीएफ फुकट, धड्याच्या शेवटी प्रश्न. अर्थशास्त्राला कोअर इकॉनचं ऑनलाइन पुस्तकही चांगलं आहे.

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान: यात "उत्तरपत्रिका" नसते, त्यामुळे लोक नुसतं ऐकत सुटतात. त्याऐवजी कोर्समध्ये लिहून द्यायला जो निबंध सांगितलाय तो खरंच लिहा, अगदी दोन पानं. मूळ पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात, तत्त्वज्ञानातली एखादी कल्पना अडली तर स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान कोश आहे, तो १९९५ पासून ऑनलाइन आहे आणि लेख त्या त्या विषयातली माणसं लिहितात. हां, त्याची भाषा कडक असते, पहिलं वाचन नुसतं नजरेखालून घालायचं.

इंजिनीअरिंगच्या विषयांसाठी एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाचे) यूट्यूबवरचे तास कोणालाही बघता येतात. शिकवण्याची पद्धत कोर्सागणिक बदलते, म्हणून दोन-तीन तास बघूनच ठरवा.

५. एक कोर्स, एक पुस्तक, बस्स

एका वेळी एकच मुख्य कोर्स. जोडीला एक पुस्तक, कारण व्हिडिओत न कळलेलं पुस्तकात कळतं आणि उलटही. तिसरा स्रोत फक्त अडलं तरच उघडायचा आणि अडचण सुटली की बंद करायचा. नाहीतर एकाच धड्याची पाच स्पष्टीकरणं बघण्यात आठवडा जातो, पाचही छान वाटतात, वही कोरी ती कोरीच.

बुकमार्कचाही हाच रोग. "नंतर करू" म्हणून साठवलेल्या लिंका कोणी नंतर करत नाही.

६. बसायचं कसं

व्हिडिओ हा बसण्याचा छोटा भाग असावा. एक तास व्हिडिओला गेला तर किमान तेवढाच, गणितात तर दुप्पट वेळ, सोडवण्याला गेला पाहिजे. कोर्सच्या पानावर आठवड्याला सहा तास लागतील असं लिहिलं असेल तर ते व्हिडिओपुरतं आहे की गृहपाठासकट, ते बघा, नवख्या माणसाने तसाही त्याला थोडा वाढवूनच हिशोब धरावा.

व्हिडिओ संपला की लगेच पुढचा लावायचा नाही. टॅब बंद करून वहीत आठवेल ते लिहायचं, न बघता. फार तुटक येतं, चिडचिड होते, पण कामाचं तेच आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे परत परत बघताना जे "आलं, आलं" वाटतं, त्यावर जाऊ नका.

उत्तराची पीडीएफ आधी उघडायची नाही हे तर सगळे म्हणतात, पण मग अडकून किती वेळ बसायचं? माझा नियम साधा आहे: नवीन काहीच सुचेना झालं, तेच तेच परत खोडून लिहायला लागलो, की उत्तराची फक्त पहिली ओळ बघायची, बाकी हाताने झाकायची आणि परत प्रयत्न करायचा. आणि उत्तर पूर्ण बघावं लागलं तर त्या गणितावर खूण करून दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर परत.

व्याख्या, सूत्रं, सनावळ्या, संज्ञा यांच्यासाठी अँकी, म्हणजे प्रश्न-उत्तरांचे पत्ते थोड्या थोड्या दिवसांनी परत विचारणारं ॲप. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत. दुसऱ्याने बनवलेले तयार पत्ते उतरवू नका, स्वतः बनवताना निम्मं पाठ होतं.

७. इंग्रजी आडवं येत असेल तर

बऱ्याच जणांचं खरं अडतं ते इथे, फक्त बोलत नाहीत. आधी कोर्समध्ये आपल्या भाषेचा पर्याय आहे का बघा, खान अकॅडमी बऱ्याच भाषांत आहे, फेटची काही सिम्युलेशन मराठीतही मिळतात. नसेल तर इंग्रजी बोलणं आणि इंग्रजीच सबटायटल असं लावा, वेग ०.७५ वर. आपोआप भाषांतर केलेली सबटायटल गप्पांच्या व्हिडिओला ठीक आहेत, पण शास्त्राच्या शब्दांची ती वाट लावतात आणि मग कळत नाही की आपलं चुकतंय की त्यांचं.

लिखित मजकूर देणारा कोर्स असेल तर तास ऐकायच्या आधी तो एकदा वाचून काढा आणि अडलेले शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. एका विषयात परत परत येणारे शब्द तसे मोजकेच असतात, पहिले दोन-तीन आठवडे त्रास होतो, मग कान बसतो.

८. अडलं तर विचारायचं कुठे

कोर्सची चर्चेची जागा चालू असेल तर तिथे, नसेल तर स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटवर त्या त्या विषयाचा विभाग आहे. नुसतं "हे कळत नाही" लिहिलंत तर कोणी वळून बघणार नाही, प्रश्न, तुम्ही कुठवर आलात आणि नेमकं कुठे अडलात, हे तिन्ही लिहा. एआय चॅटबॉट वापरत असाल तर उत्तर मागू नका, आपलं अर्धवट उत्तर द्या आणि चूक कुठल्या ओळीत आहे तेवढं विचारा. तो छातीठोकपणे चुकीचंही सांगतो, म्हणून कोर्सच्या उत्तराशी ताडून बघायचं.

९. सर्टिफिकेटचं काय

आधी शिका, मग बघू, असं माझं मत. तरी हवंच असेल तर फुकटात मिळणारी आहेत. सीएस५० सगळे गृहपाठ आणि शेवटचा प्रोजेक्ट पुरा केल्यावर स्वतःच्या साइटवरून फुकट देतो, त्याच कोर्सचं एडएक्सवरचं पडताळणी केलेलं मात्र विकत असतं, दोन्हींत गल्लत करू नका. फ्रीकोडकॅम्पची फुकट आहेत, ओपनलर्न कोर्स पुरा केल्याचं पत्र देतं, पण त्याने कुठल्या पदवीचे क्रेडिट मिळत नाहीत. कोर्सेरा आणि एडएक्सवर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, परिस्थिती आणि कोर्स कशाला हवाय ते लिहावं लागतं, उत्तराला वेळ लागतो, म्हणून कोर्स सुरू करायच्या बऱ्याच आधी करा. "फुकट कोर्स, सर्टिफिकेटला फक्त थोडे पैसे" म्हणणाऱ्या अनोळखी साइटपासून लांब राहा, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी यूट्यूबवरचेच व्हिडिओ चिकटवलेले असतात.

१०. सोडायचा की पुढे न्यायचा

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी थांबून बघा. गृहपाठ होतोय पण वेळ लागतोय, तर चालू ठेवा, वेळापत्रक दुप्पट लांबवा, ओपनकोर्सवेअरवर तुम्हाला कोणी घाई करणार नाही. गृहपाठाला हातच लागत नाही, प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही, तर एक पायरी खाली उतरा, दुसऱ्या नंबरच्या मुद्द्यावर परत जा. आणि विषयच कंटाळवाणा वाटत असेल तर सरळ सोडा, फी भरलेली नाही, कोणाला जाब द्यायचा नाही.

शेवटपर्यंत गेलात तर एमआयटीच्या साइटवर त्याच विषयाच्या वेगळ्या वर्षाच्या कोर्सचं पान शोधा, बऱ्याच विषयांची तशी दोन-तीन असतात आणि त्यात न बघितलेली अंतिम परीक्षा असते. घड्याळ लावून, पुस्तक बंद करून ती द्या, उत्तरपत्रिकेवरून स्वतःच तपासा, तपासताना लाल पेन घ्या आणि स्वतःला दयेचे मार्क देऊ नका. जे प्रश्न चुकले त्यांच्यासमोर कुठल्या आठवड्याचं होतं ते लिहा, पुढच्या कोर्सला नाव घालायच्या आधी तेवढे आठवडे परत करायचे.